मोटारीचे पाणी

ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे, त्यांना आजच्या विषयातले निम्मे आधीच ठाऊक आहे. बंबाच्या मधोमध नळी, नळीत जाळ आणि नळीभोवती पाणी. जाळ कितीही धडधडला तरी भोवती पाणी आहे तोवर तांबे शाबूत राहते. पण पाणी संपले आणि कोणाचे लक्ष नसले, की सांध्याचा डाख सुटतो, बंब गळू लागतो आणि तो उचलून तांबटाचे दुकान गाठावे लागते.

मोटारीचे इंजिन हा असाच एक बंब आहे. सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ओतीव लोखंड सुमारे १,२०० अंशांना वितळते, ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच. तरीही इंजिन वितळत नाही, ह्याचे कारण सिलिंडरच्या भिंतीभोवती आणि माथ्यातून फिरणारे पाणी. जाळलेल्या इंधनाच्या एकूण उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा हे पाणी उचलते आणि रेडिएटरमध्ये नेऊन वाऱ्याच्या हवाली करते.

इतिहासाच्या प्राध्यापकाने मेकॅनिकच्या ह्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. कारण असे. खेडोपाडी आज जीप आहेत, टेम्पो आहेत, ट्रॅक्टर आहेत आणि पुष्कळांच्या डोक्यावर त्यांचे कर्ज आहे. रेडिएटर गळतो, पाइप फुटतो. गळती काढली जाते, पैसे दिले जातात आणि दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा उकळते. मग आज थर्मोस्टॅट, उद्या पंप, परवा रेडिएटर असे एकेक बदलत जाते आणि अखेरीस इंजिनच खोलावे लागते. असे का व्हावे, ते आजच्या गाडीकडे नुसते पाहून कळत नाही. गेल्या सुमारे १४० वर्षांत माणसाने मोटारीच्या पाण्याला कसकसे कोंडत नेले ते पाहिले, म्हणजे उलगडा होतो.

आरंभी हे पाणी मोकळेच होते. जर्मनीतील मानहाइम गावी कार्ल बेंझ ह्यांनी तीन चाकांची मोटार बनवली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज दिला. तिला सिलिंडर एकच. त्याच्याभोवती पाणी असे, ते तापे, उकळे आणि वाफ होऊन निघून जाई. ही युक्ती दिसते तशी भोळी नाही. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापताना १ कॅलरी उष्णता घेते. तेच उकळून त्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी घेऊन जाते. म्हणजे उकळू देऊन थंड करणे हा मोठा गुणकारी उपाय. खोट एवढीच, की पाणी संपत राहते.

ती खोट किती जाचक होती हे बेंझबाईंच्या प्रवासावरून दिसते. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांच्या थोडे वर. मोटारीने केलेला हा जगातला पहिला लांबचा प्रवास. इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनने साफ केली. व्हीस्लोख गावी औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतले. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ह्या गोष्टी पुस्तकांतून रंगवून सांगितल्या जातात. पण सगळ्या वाटभर पुन्हा पुन्हा करावे लागलेले काम निराळेच होते. मिळेल तेथून पाणी आणून इंजिनाला पाजायचे. मोटारीचा पहिला मोठा प्रवास हा असा पाणी शोधत झालेला आहे.

आपल्याकडे विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला ही अडचण कधी आली नाही. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढे तिची व इतर कारखान्यांची इंजिने गावोगाव मळ्यांतून धडधडू लागली. त्यांतल्या कितीतरी इंजिनांना रेडिएटर नव्हताच. पंपाने उपसलेल्या पाण्याचा एक बारीक फाटा इंजिनातून फिरवायचा आणि कोमट होऊन आलेले पाणी पाटात सोडायचे. जेथे विहीरच शेजारी आहे तेथे पाणी जपण्याचे कारण काय? मोटारीला मात्र विहीर बरोबर नेता येत नाही. म्हणून तेच तेच पाणी निववून पुन्हा वापरणे तिला भाग पडले.

हे काम नीट जमवले ते विल्हेल्म मायबाख ह्यांनी. त्याची हकीकत एका अपघातापासून सुरू होते. मार्च १९०० मध्ये फ्रान्समधील नीसजवळच्या ला तुर्बी येथील चढाच्या शर्यतीत दाइमलर कंपनीची गाडी आदळून तिचा चालक मरण पावला. गाडी उंच होती, डोईजड होती. एमिल येलिनेक नावाचा श्रीमंत गिऱ्हाईक कंपनीच्या मागे लागला, की गाडी बुटकी, रुंद, हलकी आणि तरीही जास्त ताकदीची करा. आणि तिला माझ्या मुलीचे नाव द्या. मुलीचे नाव मर्सिडीझ. ताकद वाढवायची म्हणजे उष्णता वाढणार, आणि वजन घटवायचे म्हणजे पाणी कमी न्यावे लागणार. ह्या कात्रीतून मायबाखांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर काढला. ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून डाख लावलेल्या. नळ्यांच्या आतून वारा, नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी आणि मागे पंखा. पूर्वीच्या मानाने पाणी जवळजवळ निम्मे, म्हणजे ९ लिटर, पुरू लागले. डिसेंबर १९०० मध्ये ही ३५ अश्वशक्तीची गाडी येलिनेकच्या हाती पडली आणि मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकले.

आजच्या रेडिएटरचा घाट निराळा असला तरी कुळी हीच. आणि गळतीची कुळीही हीच म्हणावी लागेल! आठ हजार नळ्या म्हणजे आठ हजारांवर सांधे.

सुरुवातीच्या पुष्कळ गाड्यांत पाणी फिरवायला पंपसुद्धा नसे. शिक्षक मंडळींना ह्याचे गमक वर्गात दाखवता येईल. चंचुपात्रात पाणी घ्या, तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा सोडा आणि खालून एका बाजूने मंद आच द्या. जांभळी रेघ आचेच्या बाजूने वर चढते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. तापलेले पाणी हलके होऊन वर येते, निवलेले जड होऊन खाली बसते. इंजिन ही आचेची बाजू आणि रेडिएटर ही निवण्याची बाजू. हेन्री फोर्डची 'टी' मॉडेल मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. दीड कोटीहून अधिक गाड्या झाल्या; त्यांतल्या पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांना पंप होता, पुढे तो काढूनच टाकला आणि पाणी असे आपल्या आपण फिरत राहिले.

ह्या जुन्या रचनेतली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, कारण आपल्या प्रश्नाची किल्ली तेथे आहे. पाणी आपोआप वर चढून रेडिएटरमध्ये यावयाचे तर रेडिएटरचा माथा इंजिनापेक्षा उंच हवा. जुन्या मोटारींचे नाक उभे आणि उंच असे, ते काही केवळ ऐटीसाठी नव्हे. पाणी ओतण्याचे तोंड सर्वांत वर, आणि तोंड बाहेरच्या हवेला मोकळे. पाणी भरताना आतली हवा बुडबुड करीत त्याच तोंडातून निघून जाई. हवा काढणे असे निराळे काम करावेच लागत नसे.

पुढे हे चित्र एकेका पायरीने पालटले. मोठ्या इंजिनांना आपोआपचा प्रवाह अपुरा पडू लागला, तेव्हा पंप सर्वत्र आला. पंप आला म्हणजे रेडिएटर उंच असण्याची गरज उरली नाही. वारा कापण्यासाठी गाड्यांची नाके बुटकी होत गेली आणि रेडिएटर खाली खाली सरकला. कित्येक गाड्यांत तर इंजिनाचा माथा रेडिएटरच्या तोंडापेक्षा वर गेला. थर्मोस्टॅट आला. मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट सर्जियस व्हर्ने ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात तयार केला. मेण तापून वितळले की फुगते आणि झडप उघडते. साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत ही झडप मिटलेली राहते आणि रेडिएटरकडची वाट अडवून धरते, म्हणजे सकाळी इंजिन लवकर तापावे.

त्याच सुमारास दाबाचे झाकण आले. ह्याचे महत्त्व आपल्या घाटमाथ्याच्या माणसाला चटकन पटेल. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. पण उंची वाढली की हवेचा दाब घटतो आणि दर ३०० मीटरला जवळजवळ एक अंश कमी होतो. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंच. तेथे पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते. म्हणजे इंजिनावर सर्वांत जास्त ताण असतो त्या चढावरच पाणी लवकर उकळणार. झाकणाने आत एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवला, तर तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. घरातल्या कुकरचे तत्त्व हेच. आणि धोकाही तोच. गरम इंजिनाचे झाकण फिरवले की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते आणि ते तोंडावर येते. असे भाजून पडलेले ड्रायव्हर प्रत्येक डेपोला ठाऊक असतात. कुकर निवायच्या आत कोणी झाकण ओढील काय?

पाण्यातही भर पडली. ग्लायकॉल हा पदार्थ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ ह्यांनी १८५० नंतरच्या दशकात प्रथम तयार केला. अमेरिकेत १९२७ पासून तो मोटारीसाठी डब्यातून विकला जाऊ लागला. त्यांची अडचण बर्फाची होती. पाणी गोठले की फुगते आणि लोखंडाचा ठोकळा दुभंगतो. आपल्याकडे तो प्रश्न नाही, म्हणून 'कूलंट हे परदेशी लाड' असे म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी हे मिश्रण साध्या दाबालाही १०० ऐवजी सुमारे १०७ अंशांना उकळते, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्ये असतात. आपल्या विहिरींचे पाणी जड. बंबाच्या आत जसा क्षाराचा पांढरा थर चढतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. मिश्रण करायला बॅटरीचे शुद्ध पाणी घ्यावे.

शेवटची पायरी म्हणजे पाण्याचा मार्ग पुरता बंद झाला. १९६१ साली रेनॉ कंपनीने आपली 'चार' क्रमांकाची गाडी आणली, तिच्यात पाणी बाहेर जाण्याची वाटच ठेवली नव्हती. तापून फुगलेले पाणी एका बाटलीत जाई आणि निवताना परत ओढले जाई. आज बहुतेक मोटारींत अशी बाटली दिसते. दररोज सकाळी पाणी बघण्याचे काम संपले. पण मार्ग जितका बंद, तितकी आत शिरलेली हवा बाहेर निघायला अवघड. बेर्टाबाईंच्या गाडीत हवा अडकायला जागाच नव्हती. आजच्या गाडीत ती जागोजाग आहे.

आपल्या रस्त्यांवर ह्या साऱ्या पिढ्या एकामागून एक येऊन गेल्या. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली झाला तो बैलांच्या चालीसाठी. पुढे त्याच चढावर मोटारी आल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली ती बेडफर्ड बनावटीची. त्या काळच्या गाड्यांची नाके पुढे, रेडिएटर उभा आणि ड्रायव्हरजवळ पाण्याचा डबा. घाटाच्या अर्ध्यावर गाडी बाजूला घ्यायची, निवू द्यायची, पाणी ओतायचे, पुढे निघायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, बुटक्या नाकाची, आडव्या इंजिनाची, विजेच्या पंख्याची. गाडी बदलली तरी भरण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी बेडफर्डचीच राहिली. तोंडापर्यंत पाणी आले, झाकण लावले, काम झाले!

गळती काढल्यानंतर गाडी पुन्हा उकळते ती बहुधा येथे. गळतीवाटे पाणी बाहेर गेले तेवढी हवा आत आली. ती इंजिनाच्या माथ्यात, वरच्या पाइपाच्या वाकात किंवा हीटरच्या नळ्यांत अडून बसते. विहिरीवर पंप चालवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. फूटव्हॉल्व्ह गळका झाला की पंप हवा धरतो; मोटर फिरते, आवाज येतो, पाणी येत नाही. मग पंपात पाणी भरून हवा काढावी लागते. ट्रॅक्टरचे डिझेल संपून बंद पडला तरी तेच. नुसते डिझेल ओतून भागत नाही, एअर काढावी लागते. मोटारीचा पाण्याचा पंपही त्याच जातीचा आहे. तो पाणी ढकलतो, हवा ढकलू शकत नाही. शिवाय थर्मोस्टॅटच्या मेणाला गरम पाणी लागले तर ते फुगणार; भोवती हवा असेल तर झडप उशिरा उघडते, आणि तोवर माथ्यातले पाणी उकळून जाते.

काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन भाड्याच्या जीपने प्रतापगडाला चाललो होतो. आदल्याच दिवशी तिचा वरचा पाइप बदललेला. आंबेनळी घाटात काटा एकदम वर गेला. ड्रायव्हर चिडून म्हणाला, "सर, कालच पैसे मोजलेत, आता रेडिएटरच गेला असणार." पुढच्या वळणावर चहाच्या टपरीशी एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक बसले होते. त्यांनी काही उघडले नाही, फक्त विचारले, "हवा काढली होती का?" पाऊण तास गाडी निवू दिली. मग त्यांनी झाकणावर जाड फडके धरून ते सावकाश सोडले आणि पाणी ओतायला घेतले. दोन लिटरांहून जास्त पाणी गेले. ड्रायव्हर म्हणाला, "एवढे पाणी गेले कुठे? खाली तर थेंब नाही." म्हातारबुवा म्हणाले, "गेले कुठेच नाही. ते भरलेच नव्हते."

ह्या एका वाक्यात पहिली परीक्षा आली. गाडीच्या माहितीपुस्तकात पाणी किती लिटर मावते ते दिलेले असते. दुरुस्तीच्या वेळी पाणी मोजून भरा. सात लिटर मावत असताना पाचच गेले, तर दोन लिटर हवा आत आहे, मग ते तोंडापर्यंत भरलेले का दिसेना.

भरण्याची रीत अशी. इंजिन पुरते थंड असावे. पाणी ओतण्याचे तोंड पुढे असेल तर गाडी चढावर, नाक वर करून उभी करावी, म्हणजे जुन्या मोटारीत जे बनावटीनेच साधत असे ते उताराने साधते. हीटर असल्यास त्याची कळ गरमवर ठेवावी. उकाड्याच्या मुलखात हीटर कोण लावतो, असे वाटेल. पण त्याच्या नळ्यांतली हवा निघायला वाट मिळते. पुष्कळ गाड्यांत उंचवट्यावर हवा काढण्याचा लहान स्क्रू असतो. तो सैल करून धार अखंड, बिनबुडबुड्याची येईपर्यंत पाणी ओतावे आणि मग आवळावा. ओतणे सावकाश. लहान तोंडाच्या बाटलीत घाईने तेल ओतले की ती कशी उचक्या देते, ते आठवा. वरचा पाइप हाताने दाबून सोडत राहावे. मग इंजिन मंद चालू करावे आणि तोंड दूर ठेवून पाहावे. बराच वेळ काही होत नाही. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप एकाएकी कडकडीत होतो आणि पाण्याची पातळी खाली जाते. तेवढी भर घालून झाकण लावावे. त्या दिवशी लांब जाऊ नये. रात्रभर निवल्यावर सकाळी पुन्हा पाहावे; थोडे खाली गेले असेल तर खुणेपर्यंत भरावे. एकदोन दिवसांत पातळी एका जागी ठरली की हवा निघाली.

अडकलेली हवा काही खुणाही देते. चालू गाडीत समोरच्या फळीमागे गुळगुळ आवाज येतो. उष्णतेचा काटा चढतो, पडतो, पुन्हा चढतो. इंजिन तापलेले असून हीटरमधून थंडगार वारा येतो. ह्यातली काट्याची खूण फसवी आहे. काट्याला खबर देणारी कळ पाण्यात बुडालेली असेल तोवरच ती खरे सांगते. पाणी निघून जाऊन ती उघडी पडली, की इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. चढावर तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी पडला तर सुटलो असे समजून पुढे जाऊ नये, इंजिन बंद करावे. आणि तापून लाल झालेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नये; लोखंड तडकते.

हवा काढूनही गाडी तापत असेल, तर स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. पंख्याचा पट्टा सैल आहे का? विजेचा पंखा वेळेवर सुरू होतो का? झाकणाचे रबर चिरले आहे का? झाकण दाब धरीत नसेल, तर निवताना बाटलीतले पाणीही परत येत नाही. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा होत जातो. वरचा पाइप कडकडीत आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट उघडत नाही, किंवा रेडिएटर तुंबला आहे. एक जास्त गंभीर शक्यता राहते. अडकलेली हवा एकदोन दिवसांत संपते. पण बुडबुडे संपतच नसतील, पाइप इंजिन सुरू करताच दगडासारखा ताठत असेल, इंजिनाचे तेल दुधाळ झाले असेल, तर ही बाहेरची हवा नाही. माथ्याखालचे गॅसकेट जळून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. गळतीच्या वेळी गाडी तशीच दामटली असेल, तर हे हटकून पाहावे. येथे मात्र चांगला मेकॅनिक गाठण्याला पर्याय नाही.

आपल्याकडच्या दोन घरगुती उपायांविषयी बोलणे भाग आहे. पहिला हळदीचा. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की भोक बुजते, हे खरे आहे. रात्रीच्या वेळी आडरानात तो उपाय करणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण जी हळद भोक बुजवते तीच बारीक नळ्याही बुजवते, म्हणून गाव आल्यावर रेडिएटर धुऊन घेऊन खरी दुरुस्ती करावी. दुसरा उपाय मला अगदी नापसंत आहे. 'आपल्याकडे थंडी कुठे, थर्मोस्टॅट काढून टाका' असे पुष्कळ गॅरेजांत सांगतात. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर कधी नीट तापतच नाही आणि जास्त इंधन खाते. काही इंजिनांत तर रेडिएटर चुकवून जाणारी आडवाट कायम उघडी राहते आणि गरम पाणी तसेच परत फिरते. ज्या कारणासाठी काढला, तेच उलटे होते.

आता राहिले ते दुरुस्तीच्या वेळी खाली सांडलेले पाणी. निव्वळ विहिरीचे पाणी असे तोवर ते अंगणात गेले काय आणि उकिरड्यावर गेले काय, सारखेच होते. कूलंटचे तसे नाही. ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि ते विष आहे. थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होतात. कुत्री, वासरे, रांगती मुले गोड लागते म्हणून ते चाटतात. ते पसरट भांड्यात धरावे, घट्ट बुचाच्या डब्यात ओतून त्यावर ठळक अक्षरांत लिहावे आणि गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे. रिकाम्या सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ते घरात, गोठ्यात कधीही ठेवू नये. जमिनीवर सांडलेच, तर वर माती टाकून ती खरवडून काढावी आणि गुरे सोडण्याआधी जागा भरपूर पाण्याने धुवावी.